पाखराला पंख असताना

परवापासून कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका गॅरेजात माझं नाव 'पाखरू' पडलंय. गाडी आणायला गेलो तर पोऱ्या आतल्या अंगाला ओरडला, "मिस्त्री, पाखरू आलंय!" वय बेचाळीस, नोकरी कायम, डोक्यावर घराचं कर्ज. आणि पाखरू.

झालं असं की क्लचप्लेट गेली होती आणि मिस्त्रींनी "अर्ध्या तासात देतो" म्हणून सांगितलं. इंजिन खोलून ठेवलं की गिऱ्हाईक पळून जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. जुन्या टायरवर बूड टेकलं आणि पिशवीतून निन्टेंडो स्विच, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, काढला.

मला जंगलातल्या छोट्या गेम्सचा नाद आहे. धुकं, भुईछत्र्या, मफलर गुंडाळलेले प्राणी, चित्रांच्या पुस्तकातून उठून आल्यासारखी झाडं. बहुतेक गेम एकट्यादुकट्या माणसाने नाहीतर चारपाच जणांनी बसून केलेले. 'ट्युनिक' नावाचा कोल्ह्याचा गेम अँड्र्यू शोल्डिस या माणसाने बराचसा एकट्यानेच, कितीतरी वर्षं खपून बनवला आणि 2022 साली बाहेर काढला. त्यात गेमची माहितीपुस्तिका पानापानाने सापडते, आणि तीही न वाचता येणाऱ्या लिपीत. आमच्या आजोबांच्या जमिनीचे मोडीतले कागद उलगडताना घरात जी शांतता पसरायची, तीच मला तिथं मिळते.

त्या दिवशी मी 'अ शॉर्ट हाइक' खेळत होतो. 2019 सालचा, अ‍ॅडम रॉबिन्सन-यू याचा. क्लेअर नावाचं एक पाखरू आहे. त्याला महत्त्वाचा फोन यायचाय आणि रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर आहे. बास, एवढीच गोष्ट. वाटेत सोनेरी पिसं गोळा करायची, म्हणजे जास्त उंच चढता येतं. माथा मी मुद्दाम राखून ठेवला होता. खाली मासे धरायचे, कुणाशी गप्पा मारायच्या, पोहायचं. घाई कसली?

"काय खेळालाईस रं?"

मान वर केली तर आप्पा. एकेकाळचे पैलवान, कान चुरगळलेले, मांड्या अजून दाराच्या चौकटीएवढ्या. बुलेटच्या सायलेन्सरचं काम होतं त्यांचं. शेजारच्या टायरवर बसले तेव्हा टायरने उसासा टाकला.

"गेम आहे, आप्पा. डोंगर चढायचा."

"कुणाला हाणायचं?"

"कुणालाच नाही."

"मग जिंकतंय कोण?"

"तसं जिंकणं-हारणं नसतं यात."

आप्पा खासबागेत निकाली कुस्ती बरोबरीत सोडवल्यावर बघावं तसे माझ्याकडे बघत राहिले. शाहू महाराजांनी एवढं मैदान बांधलं आणि त्याच गावात ही अवलाद निपजली, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मग ते स्क्रीनवर वाकले.

"हे पाखरू हाय न्हवं?"

"हो."

"पंख हायती?"

"आहेत."

"मग चढालंय कशाला? उडून जा म्हण की!"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "पिसं कमी आहेत," मी म्हणालो.

"मग कोंबडी हाय ती," आप्पांनी निकाल दिला आणि पोऱ्याला हाक मारली. "ए, हिकडं ये. ह्यो साहेब बघ, कोंबडी डोंगरावर चढवालाय."

पोऱ्या आला. मिस्त्री हातातला पाना तसाच घेऊन आले, म्हणजे माझी गाडी थांबली. चहावाला ग्लास गोळा करायला आला तो रेंगाळला. समोरच्या बाकावर एक गृहस्थ पूर्ण आवाजात रील्स बघत होते. एकच गाणं, एकच सासू, एकच नाच, परत परत. त्यांना कुणी "काय बघालाईस" म्हणून विचारलं नाही. आवाज न करता कुणी एकटा सुखात बसला की गावाच्या पोटात दुखतं. मोठ्या माणसाने खेळायचंच असेल तर पत्ते खेळावेत, तेही पैसे लावून. मग तो माणूस.

विषय बदलावा म्हणून मी अस्वलाचा गेम सांगायला घेतला. 'बेअर अँड ब्रेकफास्ट'. हँक नावाचं अस्वल जंगलात प्रवाशांसाठी लॉज चालवतं. तिथं एक रॅकून दुकानदार आहे, तो सामानाच्या बदल्यात चक्क कचरा घेतो.

"पन्हाळ्यावर आणा म्हणावं त्येला," मिस्त्री म्हणाले. "एका रविवारात बंगला बांधंल."

सगळे हसले. मीही हसलो, पण खोटं नाही ते. सोमवारी सकाळी तटबंदीलगत वेफर्सच्या पिशव्या आणि बाटल्या बघितल्या की चित्रातलं जंगल स्क्रीनवरच बरं वाटतं. खरं जंगल बघायला दाजीपूरला जावं, तर गव्याबरोबर सेल्फी काढायला गाडीतून उतरणारे लोक भेटतात. गवा मात्र समजूतदार, तो आत निघून जातो.

मी बोलत होतो तेवढ्यात स्विच हातातून गेला. "आण हिकडं, बघू." आप्पांचा अंगठा म्हणजे अख्खं बटणांचं पॅड. दोनदा पाखरू पाण्यात पडलं. तिसऱ्यांदा मात्र गड्याने भिंतच धरली. "धर! सोडू नगंस! आवळ!" पोऱ्या ओरडत होता. डाव शिकवावा तसे आप्पा पाखराला दम देत होते. मी "आप्पा, माथ्यावर नको, माथ्यावर नको" म्हणत होतो, पण कुस्तीत खालच्याचं कोण ऐकतंय?

चढवलंच त्यांनी. बर्फ, वारा, माथा. फोन वाजला. पाखराच्या आईचा फोन.

आप्पा थांबले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील.

"एवढं चढून फोनच?" ते म्हणाले. "जोतिबाला चल की. डोंगरावर फुल रेंज येती, वर गुलाल बी मिळतोय." आणि स्विच माझ्या मांडीवर टाकून सायलेन्सर बघायला उठले.

गेम पुढेही खेळता येतो, हे मला माहीत आहे. पण माथ्यावर पहिल्यांदा पोचणं एकदाच असतं, आणि माझं ते ग्रीसने माखलेल्या टायरवर, दुसऱ्याच्या अंगठ्याने, चार माणसांच्या आरडाओरड्यात उरकलं. वर मिस्त्रींनी अर्ध्या तासाचे अडीच तास केले आणि उशीर का झाला विचारल्यावर म्हणाले, "तुमचंच पाखरू बघत बसलो न्हवं."

आता कहर ऐका. आप्पांनी नातवाच्या कॉम्प्युटरवर तोच गेम घेतलाय. मिस्त्रींकडून माझा नंबर काढलाय. सकाळी तालमीतून आले की फोन. "ए पाखरू, सोनेरी पीस कुठं गावतंय?"

आज सकाळी मी त्यांना सांगितलं, समुद्रात सरळ पोहत जा. बरंच लांब. थांबू नका.