कॉफी विकून फिटलेलं कर्ज?

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. तुमच्याकडेही आला असेल. कॅफे कॉफी डेचे व्ही. जी. सिद्धार्थ 2019 मध्ये गेले, मागे 7,000 कोटींचं कर्ज राहिलं. पत्नी मालविका हेगडे पदर खोचून उभ्या राहिल्या. कॉफी विकून दोन वर्षांत त्यांनी कर्ज 1,700 कोटींवर आणलं आणि स्टारबक्सच्या नाकावर टिच्चून कंपनी तारली. खाली हात जोडलेले इमोजी.

बाईंच्या धीराबद्दल वादच नाही. हिशेबाबद्दल आहे.

आधी तारखा बघा. सिद्धार्थ गेले जुलै 2019 मध्ये, मालविका सीईओ झाल्या डिसेंबर 2020 मध्ये. मधल्या काळात अंतरिम अध्यक्ष होते कर्नाटकचे माजी मुख्य सचिव एस. व्ही. रंगनाथ. आणि कर्ज 3,100 कोटींच्या आसपास उतरलं ते मार्च 2020 पर्यंतच. म्हणजे निम्म्याहून जास्त ओझं मालविका त्या खुर्चीत बसण्याआधीच कमी झालं होतं.

'कॉफी विकून' हे तर अजिबात पटत नाही. अलीकडे या कंपनीची वर्षाची विक्री हजार कोटींच्या आसपास असते. दूध, भाडं, पगार सगळं फुकट मिळालं असं धरलं, तरी मेसेजमधले 5,300 कोटी (7,000 वरून 1,700) फेडायला पाच वर्षांच्या वर लागतील. मग पैसा आला कुठून? मालमत्ता विकून. माइंडट्री या आयटी कंपनीतला सुमारे 20 टक्के वाटा एल अँड टीला विकून तीन हजार कोटींच्या वर रक्कम आली, आणि तो व्यवहार खुद्द सिद्धार्थ यांनीच 2019 च्या सुरुवातीला केला होता. ते गेल्यावर बेंगळुरूचा ग्लोबल व्हिलेज टेक पार्क ब्लॅकस्टोन आणि सलारपुरिया सत्त्व यांना विकला गेला, सुमारे 2,700 कोटींना. कर्ज फिटलं ते या जमीनजुमल्यावर आणि शेअरांवर. कॅपुचिनोवर नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट कधीच नसते. समूहातल्या सात उपकंपन्यांमधून 3,535 कोटी रुपये सिद्धार्थ यांच्या कुटुंबाशी संबंधित म्हैसूर अमाल्गमेटेड कॉफी इस्टेट्सकडे वळवले गेले, असं शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने जानेवारी 2023 च्या आदेशात म्हटलं आणि कंपनीला 26 कोटींचा दंड ठोठावला. इमोजीवाल्या गोष्टीत हे बसत नाही, म्हणून गाळलं जात असावं.

'स्टारबक्सच्या नाकावर टिच्चून' हेही घाईचं वाक्य. टाटा स्टारबक्सचं पहिलं दुकान 2012 मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला उघडलं. 2023-24 मध्ये त्यांची विक्री 1,200 कोटींच्या वर गेली आणि तोटा झाला सुमारे 80 कोटी. इथे नाक कुणाचंच वर नाही.

आता 'तारली'. 2019 मध्ये कॅफे सतराशेच्या वर होते, मार्च 2021 मध्ये 572 उरले आणि पुढे साडेचारशेच्या घरात आले. मला विचाराल तर मालविकांचं खरं काम हेच: जिथे भाडं निघत नव्हतं तिथे शटर ओढणं. 'अ लॉट कॅन हॅपन ओव्हर कॉफी' ही पाटी लावून या साखळीने एका पिढीला बसायला शिकवलं. कॉलेजात आम्ही चौघं एका कोल्ड कॉफीत दोन-दोन तास काढायचो. एसी त्यांचा, खुर्च्या त्यांच्या, भाडं त्यांचं. आम्ही चौघांनी मिळून भरायचे ते एका ग्लासाचे पैसे.

ऑफिसच्या पँट्रीतल्या त्यांच्याच कॉफीच्या यंत्राचं तसं नाही. बटण दाबलं की बिया दळल्याचा खर्रर्र आवाज येतो, कागदी कप भरतो, माणूस कप उचलून जागेवर परत. त्या चौकोनी जागेचं भाडं, वीज, सगळं ऑफिसच्या माथी. अशी पन्नास हजारांच्या आसपास यंत्रं या कंपनीने जागोजागी लावलीत. कॅफे कमी होत असताना विक्री टिकून आहे, त्यात या यंत्रांचा वाटा मोठा. पण यंत्राच्या कपावर कुणी डोळे पाणावणारा मेसेज लिहीत नाही.

आणि 'तारली' म्हणताना ऑगस्ट 2024 सुद्धा आठवावा. 228 कोटींच्या थकबाकीवरून एनसीएलटीने, म्हणजे कंपन्यांचे खटले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, मूळ कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करायचा आदेश दिला होता. अपिलात तो आधी स्थगित आणि मग रद्द झाला, म्हणून कंपनी सुटली.