कामाची तारीख अलीकडे कशी ओढावी

एखाद्या इमारतीच्या बांधकामाचे नियोजन आपल्या गळ्यात नुकतेच पडले असेल आणि लॅपटॉपबरोबर कंपनीने मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे वेळापत्रक आखण्याचे सॉफ्टवेअरही दिले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. इमारत आता वेळेवर पूर्ण होणार, निदान पडद्यावर तरी. आणि सोमवारच्या बैठकीत इमारत कोणी पाहत नाही, पडदाच पाहतात, हे आपल्या लवकरच लक्षात येईल. पुण्याच्या आसपासच्या साइटांवर मी बरीच वर्षे हेच काम करत आलो असल्यामुळे चार गोष्टी अधिकाराने सांगू शकतो.

काही भाबड्या माणसांची अशी समजूत असते की या सॉफ्टवेअरमध्ये तारखा लिहायच्याच नसतात. कोणत्या कामाला किती दिवस लागतात आणि कोणते काम कोणत्या कामानंतर येते एवढेच त्याला सांगावे, तारखा ते स्वतः काढून देते, असे ती म्हणतात. 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत क्रिटिकल पाथची, म्हणजे कामांची सर्वांत लांब साखळी शोधून तारखा काढण्याची, पद्धत बसवली गेली, तेव्हा ती बसवणाऱ्यांचीही अशीच कल्पना होती. विटकामानंतर गिलावा, गिलाव्यानंतर पुट्टी, पुट्टीनंतर रंग अशी साखळी बांधत गेले की शेवटच्या ओळीत इमारत पूर्ण होण्याची तारीख आपोआप उमटते. ही तारीख ग्राहकांना आधीच सांगून टाकलेल्या तारखेच्या पाचसहा महिने पुढची असते, आणि आपल्या पगाराचे चीज होण्याची वेळ नेमकी हीच.

नवखा माणूस अशा वेळी 'स्टार्ट'च्या रकान्यात हवी ती तारीख सरळ टंकून मोकळा होतो. सॉफ्टवेअर हे ऐकून घेते, पण पाळत नाही. 'या तारखेच्या आधी सुरू करू नये' एवढीच अट ते त्या कामाला मुकाट्याने जोडते आणि डावीकडच्या रकान्यात कॅलेंडरचे एक इवलेसे चित्र काढून ठेवते, ज्याकडे कोणी पाहत नाही. या अटीने काम पुढे ढकलता येते. आधीच्या कामाला ओलांडून अलीकडे ओढता येत नाही. महिनाभर असे टंकत राहिले की शंभर-सव्वाशे कामे जागच्या जागी खिळतात आणि मग विटकाम आठवडाभर आधी संपले तरी गिलावा आपल्या तारखेला चिकटून बसतो. (विटकाम आठवडाभर आधी संपल्याचे माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे हा दोष मी कधी फारसा मनावर घेतला नाही.)

खरा रामबाण उपाय म्हणजे 'मस्ट स्टार्ट ऑन' ही अट. ती घातली की आधीचे काम संपो वा न संपो, आपले काम त्याच दिवशी सुरू होते. भिंत उठण्यापूर्वी तिच्यावर गिलावा चढू लागतो आणि पडद्यावरच्या कामांच्या पट्ट्या अत्यंत देखण्या दिसतात. या वेळी एक चौकट उघडते आणि अशाने कामांच्या साखळीत गोंधळ होऊ शकतो, असे सॉफ्टवेअर अदबीने सुचवते. घरातल्या वडीलधाऱ्यांचे ऐकावे तसे तिचे ऐकून घ्यावे आणि आपल्याला हवे तेच करावे. त्याच चौकटीच्या तळाशी, हे मला पुन्हा सांगू नकोस, अशा अर्थाचा एक छोटा पर्यायही असतो. तेवढी खूण करायला विसरू नये. पुढची दोन वर्षे शांततेत जातात.

यात काही गैर आहे, असे आपल्याला वाटत असेल तर लग्नाचा मुहूर्त आठवावा. 12 वाजून 17 मिनिटांचा मुहूर्त असतो, नवरी गौरीहरापाशीच बसलेली असते, तिचा मामा पार्किंगमध्ये असतो. तरी मुहूर्त हलत नाही, मंगलाष्टकांची कडवी वाढतात. कालगणनेत मात्र आपले पंचांगकर्ते कच्चे निघाले. चंद्राचा आणि सूर्याचा हिशेब जुळेना तेव्हा त्यांनी सुमारे 32-33 महिन्यांनी एक अख्खा अधिक मास घालण्याचे कबूल केले. चंद्रालाच 'मस्ट फिनिश ऑन', म्हणजे याच दिवशी संपायचे, ही अट लावावी, हे त्यांना सुचले नाही.

अट लावूनही तारीख जुळेना, तर कॅलेंडरकडे वळावे. सॉफ्टवेअरचे मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, सकाळी 8 ते 5, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी, असे असते. गणपती, दिवाळी, छठपूजा यांची त्याला गंधवार्ता नसते, आणि ती लागू देऊही नये. छठीला गावी गेलेली सेंटरिंगची, म्हणजे स्लॅबचे साचे उभारणारी, टोळी तीन आठवडे परत येत नाही, ही माहिती फक्त आपल्या आणि ठेकेदाराच्या मनात राहू द्यावी. जुलैचा पाऊसही तसाच. त्यापलीकडे कामाच्या माहितीत '24 तास' नावाचे तयार कॅलेंडर मिळते. सॉफ्टवेअरच्या लेखी सहा दिवसांचे काम म्हणजे 48 तासांचे काम. हे कॅलेंडर लावताच ते दोन दिवसांत आटोपते. एका रात्री मी चौदा मजल्यांची पुट्टी अशा रीतीने उरकली. सकाळी पुट्टीवाल्या कारागिराला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मग आता मला सुट्टी का?"

'डेडलाइन'चा रकाना निरुपद्रवी आहे. त्यात कोणतीही तारीख लिहिली तरी काम तसूभर हलत नाही. ते उशिरा संपणार असेल तर फक्त लाल उद्गारचिन्ह उमटते. चिन्हांचा रकाना झाकून ठेवला की उशीर संपला.

बेसलाइनचे मात्र जपावे लागते, कारण मूळ ठरलेल्या तारखा तिच्यात साठवलेल्या असतात आणि आज आपण किती मागे आहोत ते ती दिवसांत सांगते. अशा 11 बेसलाइन साठवण्याची सोय सॉफ्टवेअरने केली आहे, यावरून ते करणाऱ्यांना आपल्या धंद्याची चांगली ओळख असावी. मी स्वतः एकच वापरतो आणि दर महिन्याच्या बैठकीआधी तिच्यावरच नवी साठवतो. जुनी पुसायची ना, अशी विचारणा होते, हो म्हणावे. फरकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्ये दिसू लागतात आणि खोलीतला ताण एकदम निवळतो.

जे काम सुरूच झालेले नाही त्यापुढे 1 टक्का लिहून पाहावे. सॉफ्टवेअर तेवढ्यावर ठरलेली तारीख हीच प्रत्यक्ष सुरुवातीची तारीख मानते. बाहेर मैदानावर गवत वाढलेले असते आणि इकडे पोहण्याचा तलाव वेळेवर सुरू झालेला असतो.

आता एका अडचणीविषयी सांगितलेच पाहिजे. आमच्या साइटवर कंटेनरच्या ऑफिसात बसून मी एका संध्याकाळी साहेबांच्या सूचनेवरून नवव्या मजल्याच्या स्लॅबखालचे टेकू काढण्याची तारीख अलीकडे आणली. स्लॅब भरणे आणि टेकू काढणे या दोन कामांत 14 दिवसांचे अंतर होते, त्याचे 7 केले, एक आकडा खोडला, दुसरा टंकला, खालच्या सगळ्या पट्ट्या डावीकडे सरकल्या आणि साहेब म्हणाले, "बघा, मनावर घेतले की होते." साध्या सिमेंटच्या, साडेचार मीटरहून मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू 14 दिवसांच्या आत काढू नयेत, असे आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात छापलेले आहे, पण ते पुस्तक पडद्यावर नव्हते. दुसऱ्या दिवशी छापील वेळापत्रक घेऊन मी वर गेलो. मिस्त्रींनी ते दोन्ही हातांनी धरून नीट वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि शेजारच्या कॉलमकडे बोट केले. तिथे लाल ऑइलपेंटने, थोड्या वाकड्या अक्षरांत, स्लॅब भरल्याची तारीख लिहिलेली होती. "हिच्यात सात दिवस मिळवून बघा, दादा, आणि तुम्हीच खाली उभे राहा, मी टेकू काढतो," ते म्हणाले.

अशा तारखा प्रत्येक मजल्यावर, जवळजवळ प्रत्येक कॉलमवर लिहिलेल्या असतात. त्यांवर कोणतीही अट लावता येत नाही आणि त्यांचा रकानाही झाकता येत नाही. ग्राहक किंवा बँकेचे लोक पाहणीला येणार असतील, तर त्यांना मोजे घातलेल्या पायांनी नमुना फ्लॅटमध्येच फिरवावे, आणि कॉलमवरचा गिलावा शक्य तितक्या लवकर उरकून घ्यावा. तेवढ्या एका कामाची तारीख अलीकडे ओढायला मला कोणाच्या सूचनेची वाट पाहावी लागत नाही.