भोकं कंपनीची, मग बोल्ट कुणाचे?

क्लचप्लेट बदलून गाडी घरी आणली. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या ट्रेमध्ये दोन बोल्ट पडलेले. आणि इंजिनावर, गिअरबॉक्सच्या बाजूला, आटे पाडलेली चार भोकं रिकामी! गॅरेजवाल्याला फोन लावला. "साहेब, ती कंपनीचीच असतात." अरे बाबा, भोकं कंपनीची, मग बोल्ट काय आंदणात आले?

संताप याचा की माणूस अर्धं खरं बोलतोय. इंजिनाचा एकच ब्लॉक ओतायचा आणि दहा गाड्यांत बसवायचा, हा धंदाच आहे. फियाटचं ते 1248 सीसीचं डिझेल आठवा. स्विफ्टमध्ये तेच, इंडिका व्हिस्टात तेच, पुंटोतही तेच. एका गाडीत पॉवर स्टिअरिंगचा पंप इंजिनावर बसतो, दुसरीत स्टिअरिंग इलेक्ट्रिक, म्हणजे पंपाच्या ब्रॅकेटची भोकं बोडकी. काही तर फक्त कारखान्यात इंजिन उचलायच्या हुकासाठी. हे सगळं मान्य. पण माझ्या चारांतली जन्माची रिकामी कुठली आणि याने रिकामी ठेवलेली कुठली, हे कोण सांगणार?

मॅन्युअल? त्यात टायरची हवा आहे, लहान मुलांची सीट आहे. पार्टच्या नकाशात प्रत्येक बोल्टला नंबर आहे, पण रिकामं भोक कोण कशाला काढेल!

मग रविवारची सकाळ घालवली. पार्किंगमध्ये, डोक्याला टॉर्च बांधून. एक गोष्ट कळली ती सांगतो: भोकाच्या कडेला बघा. आत गंज आणि धुळीचा काळा चिखल असेल, तर तिथे निदान हल्ली तरी काही नव्हतं. भोवती वॉशरएवढं चकचकीत कडं दिसलं, की समजा काल-परवापर्यंत तिथे बोल्ट होता. तीन भोकं काळीकुट्ट. चौथ्याला स्वच्छ कडं! वायरिंगचा ब्रॅकेट तिथून सुटून लोंबत होता; दोनांतला एक बोल्ट तिथलाच. गॅरेजमधून आल्यापासून दोन हजार आरपीएमला होणारी कर्रर्र तीच. आणि याच आवाजाला हा गडी फोनवर "नवीन क्लच सेट होतोय" म्हणत होता.

त्यात शेजारचे काका आले. "उरलेला बोल्ट दे कुठल्यातरी भोकात पिळून." अहो काका, काही भोकं आरपार कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या जागेत जातात. काही आंधळी, म्हणजे तळ बंद असलेली असतात, लांब बोल्ट तळाला टेकला आणि वर जोर लावला की ओतीव भाग तडकतो. काका ऐकतात होय? वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र बघून म्हणाले, "इथे एम-सील लाव." नको!! ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून गळतं, बेअरिंगमध्ये न शिरता. सगळ्या इंजिनावर ज्या एका भोकाचं काम मला नक्की माहीत आहे, नेमकं तेच यांना बुजवायचंय.

दुसरा बोल्ट? आठ एमएमचा, बारा नंबरच्या पान्याचा. तीन काळ्या भोकांपैकी दोनांत आटेच जुळत नाहीत, तिसऱ्यात जुळतात आणि तिथे काहीच लागत नाही. सध्या तो हँडब्रेकशेजारच्या खाचेत आहे. स्पीडब्रेकर आला की खुळखुळतो.