मापात थोडं पाप असू द्या

व्यवसायासाठी मोठ्या क्षमतेची हार्ड डिस्क बाजारात आणताय? अभिनंदन. आधी काळं मखमली कापड शिवायला टाका. डिस्कचं नंतर बघू.

कापड लागतंच, कारण त्याखालची वस्तू बघण्यासारखी नसते. साडेतीन इंची डबी, कित्येक वर्षं त्याच आकाराची, पाऊण किलोच्या आत वजन, वर पांढरं लेबल. मोबाइलवाल्यांचं बरं असतं, निदान मोरपिशी रंग तरी दाखवता येतो. तुमची वस्तू एकदा रॅकमध्ये शिरली की तिचं तोंड पुन्हा दिसणार ते ती बिघडेल त्याच दिवशी. म्हणून जे काय मिरवायचं ते पंचतारांकित हॉटेलात, त्या एका संध्याकाळीच मिरवून घ्या. फक्त मंचावर धूर सोडू नका. पुढे बसलेले सगळे सर्व्हर सांभाळणारे असतात, धूर दिसला की त्यांचा हात आधी मेन स्विचकडे जातो.

पडद्यावर आकडा एकच ठेवा: ३०. खाली टीबी, म्हणजे टेराबाइट. बाकी सगळे आकडे मुंगीच्या पायाएवढ्या टाइपात. आणि ३० टीबी म्हणजे किती, हे चित्रपटांत सांगू नका, समोर व्यापारी आहेत. सांगा, दोनशे केबीचं एक बिल धरलं तर पंधरा कोटी बिलं मावतील. ज्याच्या दुकानात दिवसाला चाळीस बिलं फाटतात, तोसुद्धा मान हलवतो. आपल्याला दहा हजार वर्षं पुरेल अशी वस्तू सवलतीत मिळतेय, ही भावना फार सुखद असते.

आता मापाकडे येऊ. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात माल विकताना मला सर्वांत जास्त फोन याच एका गोष्टीसाठी आले आहेत: "शेठ, तीस घेतले होते, कॉम्प्युटर सत्तावीस दाखवतोय. पावणेतीन टीबी कुठे गेले?" कुठे जाणार? कंपनीचा हिशेब हजाराच्या पटीत, विंडोजचा १०२४ च्या पटीत. केबीला हा फरक चण्याएवढा, टीबीपर्यंत पोचता पोचता पोत्याएवढा होतो. शेंगदाणेवाला पुडीचा तळ दुमडून वर घेतो, तसंच. आपण फक्त पुडीवर लिहितो की १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. हे बिनचूक खरं आहे, आणि त्यातच त्याची गंमत आहे. दूधवाल्याला पाणी घातल्याबद्दल बोल लावता येतो. तुम्ही तर पाणी घातलेलंच नाही, लिटरचीच व्याख्या छापली आहे.

मग आयुर्मान. दोन बिघाडांमधला सरासरी काळ २५ लाख तास, हे ठणकावून सांगा. २५ लाख तास म्हणजे २८५ वर्षं. थोरले बाजीराव रावेरखेडीला वारले ते १७४० साली. त्या वर्षी सुरू केलेली डिस्क २०२५ पर्यंत गरगरत राहिली असती, पानिपत, सत्तावन्न, संयुक्त महाराष्ट्र, सगळं बघून. वॉरंटी मात्र पाच वर्षं. कुणी विचारलंच, तर हळू आवाजात सांगा की हा आकडा एका डिस्कचा नसतो, थव्याचा असतो. हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर साधारण साडेतीन बंद पडतील, एवढाच त्याचा अर्थ. त्या साडेतीनांत आपली नसणार याची प्रत्येक गिऱ्हाइकाला मनोमन खात्री असते, तिला धक्का लावू नका. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा नाही, हे वाक्य पान ४७ वर टाका.

तंत्रज्ञानाची स्लाइड मात्र आटपती ठेवा. आत हवेऐवजी हीलियम भरलाय म्हणा (२०१३ पासून भरतात, हवेपेक्षा सातपट हलका, घर्षण कमी, म्हणून डेटा ज्यांवर लिहितात त्या तबकड्या जास्त मावतात). लिहिताना लेझरने चारशे अंशांच्या वर चटका देतो म्हणा. चटका खरंच देतात, एका ठिपक्याला, डोळ्याची पापणी हलायच्या कितीतरी आधी तो ठिपका निवतो. लोहचुंबकाला फोडणीच ती. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भट्टी उभी राहते आणि पहिला प्रश्न येतो तो एसीच्या बिलाचा. त्यापेक्षा तबकडीवर प्लॅटिनमचा मिश्रधातू आहे तेवढंच सांगा. लग्नसराईत चालून जातं.

आणि कौलांबद्दल चकार शब्द काढू नका. हे कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. जास्त डेटा बसावा म्हणून काही डिस्कवर रेघा एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात, मंगलोरी कौलांसारख्या. जागा वाचते. पण मधलं एक कौल बदलायचं झालं की वरची ओळ उतरवा, कौल बदला, ओळ पुन्हा चढवा. मे महिन्यात ज्याने घर शाकारलंय त्याला विचारा. नुसता माल भरून ठेवायचा असेल तर उत्तम पद्धत, पण रोज इकडचं तिकडे लिहायचं असेल तर डिस्क बिचारी दिवसभर छपरावरच. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या काही डिस्क अशा कौलारू निघाल्या. आधी कुणाला सांगितलेलं नव्हतं, गिऱ्हाइकांनीच वेगावरून ओळखलं, आणि प्रकरण अमेरिकेत कोर्टापर्यंत गेलं. तुम्ही त्यातून योग्य तो बोध घ्या: गिऱ्हाईक हुशार निघण्याच्या आत पुढचं मॉडेल आणा.

एका प्रश्नापासून मात्र जिवाच्या आकांताने दूर राहा. तो म्हणजे, ही भरायला किती वेळ लागतो?

आयबीएमने १९५६ च्या सप्टेंबरात जगातली पहिली हार्ड डिस्क जाहीर केली, तीही धंद्यासाठीच. त्या यंत्राच्या रॅमॅक या नावातच हिशेब होता, त्यातला दुसरा 'ए' अकाउंटिंगचा. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, टनभर वजन, महिना ३,२०० डॉलर भाडं, आणि क्षमता पन्नास लाख अक्षरं. याहून मोठी करता आली असती, पण एवढी जागा विकायची कुणाला हे विक्री विभागालाच कळेना, असं सांगतात. भला काळ होता तो, विक्री विभागाला लाज वाटायची. वाचनाचा वेग सेकंदाला ८,८०० अक्षरं. तबकड्यांवरून वाचणाऱ्या दांड्याची वरखाली सोडली, तर अख्खी डिस्क दहा मिनिटांच्या आत वाचून व्हायची.

तुमची ३० टीबीची? सेकंदाला २८० एमबी या छापील वेगाने तीस तास. तोही वेग तबकडीच्या बाहेरच्या कडेचा, आत सरकत जाल तसा तो निम्म्याच्या आसपास उतरतो. म्हणजे दीड दिवसाचा गणपती बसून, आरत्या होऊन, विसर्जन करून मंडळी परतली तरी तुमची डिस्क काठोकाठ भरलेली नसते. कोठार फुगत गेलं, दार तेवढंच राहिलं. पडद्यावर ३० लिहिताना त्याच्याशेजारी हे दुसरे तीस येऊ देऊ नका.

ऑफिसचं काम चालू ठेवून भरायची असेल तर दीड दिवसाचा पाच दिवसांचा होतो. हे मी ठाण्यातल्या एका सीएंच्या ऑफिसात उभं राहून पाहिलंय. महिना सप्टेंबर, टॅक्स ऑडिटची तारीख डोक्यावर. स्टेशनरीच्या कपाटाला खेटून चार डिस्कची पेटी, तिच्यावर गेल्या दसऱ्याचं हळदकुंकू, पंख्याच्या जाळीत वाळका झेंडू. चारांतला एक दिवा नारिंगी. एक गेली तर उरलेल्या तिघी सांभाळून घेतात, दुसरी गेली की खेळ खलास. आणि चौघी एकाच खोक्यातून, एकाच दिवशी, माझ्याच हातांनी बसवलेल्या. मी नवी सरकवली, ती उरलेल्या तिघींवरून भरू लागली. पडद्यावर आलं: ४ टक्के. चहा झाला: ४ टक्के. आर्टिकलशिपची पोरं आपापल्या फायली उघडून बसलेलीच होती, त्यांना थांबा म्हणायची सोय नव्हती.

"किती वेळ हो?" साहेबांनी केबिनमधूनच विचारलं.

"पाच दिवस धरा, साहेब. तोवर पेटीला कुणी हात लावू नका. बॅकअप आहे ना?"

"आहे म्हणजे काय! गेल्या वेळी तुम्ही मोठ्या डिस्क दिल्यात, बरीच जागा उरली होती. सगळं कॉपी करून ठेवलंय."

"कुठे?"

त्यांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. त्याच पेटीत, मूळ फोल्डरच्या बरोब्बर खाली दुसरा फोल्डर होता: 'बॅकअप फायनल नवीन २'.

तुमच्या कार्यक्रमाला या साहेबांना पहिल्या रांगेत बसवा, हार घाला, नारळ द्या. मोठ्या डिस्कला यांच्याइतकं मनापासून कुणी वापरत नाही.

पाचव्या दिवशी दिवा हिरवा झाला. मी पेचकस पिशवीत टाकत होतो, तेवढ्यात साहेब बाहेर आले. चेहऱ्यावर ऑडिट वेळेत गेल्याचं समाधान.

"पुढच्या वेळी तीस टीबीच्याच घेऊ," ते म्हणाले. "म्हणजे बॅकअपचा बॅकअपही त्यातच बसेल."

मी संध्याकाळी कोटेशन पाठवलं. जीएसटी वेगळा.