अर्थिंग आहे हो!

इंदूरला सुदामा नगरात किंवा राजेंद्र नगरात भाड्याने खोल्या बघायला जाल, तेव्हा नर्मदेचं पाणी किती वाजता येतं ते खुशाल विचारा. अर्थिंगचं, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणाऱ्या वायरीचं, मात्र विचारू नका. पंगतीत बसून तूप साजूकच आहे ना, असं विचारण्यासारखं आहे ते. तरी विचारलंतच, तर घरमालक काका बोर्डाकडे बोट दाखवतील, "तीन भोकं दिसत नाहीत का? अर्थिंग आहे हो!" दिसतात ना. वरच्या मोठ्या भोकामागे हिरवी वायर आहे की नुसता कोळी, हे खोलून बघणं म्हणजे थेट अविश्वास.

आता सामान लावा. ओट्याजवळ सॉकेट एकच, सहा अँपिअरचं. २३० व्होल्टच्या हिशेबाने ते १३८० वॅट झेपवणार. तुमची इंडक्शन शेगडी २००० वॅटची, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढणारी. तिच्या जाड पिना त्यात शिरतच नाहीत. खचून जाऊ नका, बाजारात कन्व्हर्जन प्लग मिळतो. पिना जाड करणाऱ्याने काही विचार केला असेलही, पण त्याला सकाळी साडेसातला डबा भरायचा नव्हता. उरलेल्या जागी एक्स्टेंशन बोर्ड टाका, त्यात किटली आणि मिक्सर. बोर्ड सिंकच्या बाजूलाच बरा, भांडी घासता घासता बटण दाबता येतं.

मग एमसीबी, म्हणजे जास्त करंट ओढला की आपोआप बंद होणारी कळ, पडायला लागेल. रोज, नेमकी पोह्यांना फोडणी देताना. काका आपला नेहमीचा वायरमन पाठवतील. तो डबा उघडून म्हणेल, "अरे भिया, सोळाची आहे, पडणारच!" आणि बत्तीसची बसवून जाईल. भिंतीतली वायर तीच, दिव्या-पंख्यांच्या मापाची. पण एमसीबी आता पडत नाही. तापायचं काम वायरने अंगावर घेतलंय, आणि ती प्लास्टरच्या आत असल्याने कुणाला दिसत नाही. सॉकेटभोवती तपकिरी कडा उमटली तर त्यावर कॅलेंडर लावा.

फ्रिजच्या हँडलला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? एमसीबीकडून काही अपेक्षा ठेवू नका, ती वायरीसाठी असते, माणसांसाठी नाही. माणसांसाठी आरसीसीबी असते, ३० मिलिअँपिअर गळती झाली की लाइन तोडणारी. काकांना सांगून बघा. "लावा की, तुमच्या खर्चाने. जाताना इथेच राहील." त्यापेक्षा पाट बरा. आपल्या स्वयंपाकघरात देव असतात, रबरी चप्पल चालत नाही, म्हणून फ्रिजसमोर आजीचा लाकडी पाट मांडा आणि त्यावर चढूनच दूध काढा. पाहुणे आले तर त्यांना आधी पाट द्या. संस्कार दिसतात.

अकरा महिन्यांनी घर सोडताना कॅलेंडर निघेल. काळी भिंत बघून काका रंगाचे पैसे कापायची भाषा करतील. तेवढ्यात नवं जोडपं खोल्या बघायला येईल. त्यातली सूनबाई बोर्डापाशी थांबून तुम्हालाच विचारेल, "लाइटचा काही त्रास नाही ना?"

काका तुमच्याकडे बघताहेत. डिपॉझिट अजून त्यांच्याच खिशात आहे. तीन भोकांकडे बोट दाखवा आणि मोकळेपणाने सांगा, "छे! अर्थिंग आहे हो!"