तू तिथून काय सांगून राहिली?

जुलै २०२५ मधला वाद आहे, पण आमच्या शाळेच्या ग्रुपवर तो अजून विझलेला नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांना सुचवलं की भिंतीवर तेल-साखरेचे फलक लावा, कोणत्या पदार्थात काय किती आहे ते लोकांना दिसू द्या. नागपूरच्या एम्समध्ये असे फलक लागणार अशी बातमी आली आणि बघता बघता तिचं 'समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा' झालं. मग खुलासा आला: विक्रेत्यांच्या मालावर इशारा छापा असं कुणी सांगितलेलं नाही आणि भारतीय पदार्थ वेगळे काढलेले नाहीत. पण खुलासे वाचतं कोण! तोवर ग्रुपवर आलूबोंड्याच्या इभ्रतीची लढाई पेटली होती. एकाने लिहिलं, 'इंग्रजाच्या बर्गरले कोणी विचारत नाही, आमच्या समोशाच्या मागं लागले.' खाली अंगठ्यांची रांग.

मी इंग्लंडात राहते, म्हणून लिहिलं, विचारतात. फ्रीझरमधलं बर्गरचं पाकीट काढून त्याचा फोटोच टाकला. पुढच्या बाजूला रंगीत चौकोन आहेत: चरबी लाल, संपृक्त चरबी लाल, मीठ पिवळं, साखर हिरवी. हे २०१३ पासून चालू आहे. लिहायला बसलेच होते, म्हणून आणखीही ऐकवलं. २०१९ पासून लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, जंक फूडच्या जाहिराती बंद आहेत आणि २०२२ पासून इंग्लंडच्या मोठ्या दुकानांत बिलाच्या काउंटरजवळ चॉकलेटं मांडता येत नाहीत. उत्तर एका ओळीचं आलं, 'तू लंडनमधून काय सांगून राहिली? आमचं आम्ही पाहून घेऊ.'

मी लंडनला राहत नाही, रेडिंगला राहते, अठरा वर्षं झाली. नागपूरला ह्याने काही फरक पडत नाही.

मला राग टोमण्याचा आला नाही. (थोडा आला.) राग ह्याचा आला की भांडायला खरा विषय समोर पडलेला असताना सगळे समोशापाशी अडकले. पाकीटबंद खाण्यावर पुढच्या बाजूला काय छापायचं, दर्जाचे तारे छापायचे की धोक्याचे इशारे, ह्याचा मसुदा भारतात २०२२ मध्ये आला आणि वर्षानुवर्षं रेंगाळला. त्याबद्दल ग्रुपवर कधी एक अक्षर नाही. वेफर्सच्या पाकिटाला इभ्रत नसते, त्याच्यासाठी कोण भांडणार? २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीतून आकडा आला होता: देशात १० कोटी १० लाख मधुमेही, आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. त्या दिवशी ग्रुपवर कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाचे केक फिरत होते.

इंग्रज फार शहाणे आहेत असंही कुणी समजू नये. टीव्हीवरच्या एका शेफने २००५ मध्ये शाळांतल्या जेवणाविरुद्ध रान उठवलं, सरकारने नियम बदलले, आणि पुढच्याच वर्षी रॉदरहॅम नावाच्या गावात काही आया शाळेच्या कुंपणाच्या गजांतून पोरांना बर्गर आणि चिप्स पुरवू लागल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना धुऊन काढलं. मी इथे आले तेव्हा ऑफिसात अजून त्या बायकांवर विनोद व्हायचे. मीही हसत असे. नवीन माणसाला हसायची जागा दिसली की बरं वाटतं. शिकल्यासवरल्या लोकांनी आपल्या ताटाकडे बोट दाखवलं की अंगाचा तिळपापड होतो, मग ते ताट रॉदरहॅमचं असो की नागपूरच्या इतवारीतलं. ग्रुपवरच्या त्या अंगठ्यांत आणि त्या गजांतून आत गेलेल्या हातांत मला आता फारसा फरक दिसत नाही.

पण नियम सांगणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये १७ सूत्रं काढली, सोबत दिवसभराच्या ताटाचं चित्र. दोन हजार कॅलरींच्या हिशेबाने माणशी धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, डाळी किंवा अंडी-मांस ८५, दाणे-सुकामेवा ३५, दूध-दही ३०० मिलीलिटर आणि तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम. डिसेंबरात नागपूरला गेले तेव्हा वहिनीच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मी घरातल्या पाच माणसांचा हिशेब मांडला. भाजी रोज दोन किलो. वहिनी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन किलो निवडायची कोणी? तू येशील का रोज?" सगळं डाळींवर भागवलं तर महिन्याला पावणेतेरा किलो. दादा म्हणाला, "हे घर आहे की लग्नघर?"

तेल महिन्याला चार किलो बसायला हवं. घरी पंधरा किलोचा पिपा अडीच महिने जातो, म्हणजे महिन्याला सहा किलो, म्हणजे माणशी रोज चाळीस ग्रॅम. दिवाळीचा पिपा वेगळा. दादाचे रविवारचे तर्री पोहे, पोराचं गुपचुप (पाणीपुरी), बँकेतल्या कुणाच्या तरी बढतीचे समोसे वेगळे. मी विजयी मुद्रेने आकडा सांगितला. वहिनीने मेथीच्या काड्या बाजूला केल्या आणि मला कढईशी उभं केलं. "तेल कमी घाल, पाहा." घातलं. वांगं बुडाला लागायला लागलं. पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवा, काढा, हलवा, परत झाकण ठेवा. "असं मी सकाळी साडेपाचला चार डब्यांसाठी उभी राहू? तेल सढळ असलं की भाजी आपापली होते, तेवढ्यात माझी कणीक मळून होते." अठरा वर्षांत वाचलेल्या एकाही पत्रकात मला हे वाक्य सापडलेलं नाही. ते जास्तीचं तेरा ग्रॅम तेल म्हणजे तिची सकाळची वीस मिनिटं आहेत. ती वीस मिनिटं आणायची कुठून, हे सतराही सूत्रांतून मला कळलं नाही.

इथे इंग्लंडातही चित्र सुंदर असतं आणि खिसा आड येतो. फूड फाउंडेशन ह्या इथल्या संस्थेच्या २०२३ च्या अहवालात होतं की सरकारने सांगितल्याप्रमाणे जेवायचं ठरवलं तर सगळ्यात गरीब पंचमांश घरांना हातात येणाऱ्या पैशांपैकी निम्मे पैसे त्यावरच घालावे लागतील. मी गरीब नाही, तरी संध्याकाळी सात नंतर पिवळ्या स्टिकरच्या, म्हणजे मुदत संपत आलेल्या स्वस्त मालाच्या फडताळापाशी मीही घुटमळते. तिथे कधी पालक नसतो, पेस्ट्री असते.

मग चालतं काय? माझ्या डोळ्यांदेखत दोन गोष्टी चालल्या आणि दोन्हींनी मला काही विचारलं नाही. इथल्या कारखान्यांनी पावातलं मीठ वर्षानुवर्षं थोडंथोडं कमी केलं, कुणाच्या जिभेला कळलं नाही. गोड पेयांवर एप्रिल २०१८ मध्ये कर आला, त्याच्या आधीच कंपन्यांनी कृती बदलून साखर उतरवली होती. भारतानेही हे केलेलं आहे: तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. वनस्पती तुपाच्या इभ्रतीसाठी कुणी ग्रुपवर लढलं नाही, कारण कुणाला पत्ताच नव्हता. फलक मात्र आपल्याकडे बघून बोलतो, म्हणून तो झोंबतो. आणि तरी फलक नकोच म्हणणाऱ्यांच्या बाजूला मला बसवत नाही. जिलबी गोड असते हे सगळ्यांना माहीत आहे. किती चमचे गोड, ते माहीत नसतं. मला तरी नव्हतं.

आता ग्रुपवर न लिहिलेली गोष्ट. बर्गरच्या पाकिटाचा फोटो टाकला त्याच्या चार महिने आधी माझी एचबीए-वन-सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ४४ आली होती. इथल्या मापाने ४२ ते ४७ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. जीपीकडच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडच्या नर्सने माझं वजन केलं आणि सांगितलं की दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाची) धोक्याची रेघ २५ ला नाही, २३ ला आहे. त्या रेघेवर इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी अधिकृतपणे आपल्या लोकांत मोजलं. मग तिने सरकारी ताटाचं रंगीत चित्र पुढे केलं. पाच-ए-डेमध्ये, म्हणजे रोजच्या पाच वाट्या फळं-भाज्यांच्या हिशेबात, बटाटा धरत नाहीत, आणि वरण वाटीभर घ्या की पातेलंभर, एकदाच धरतात. वरणाचा हा अपमान मी गिळला.

तिने विचारलं, दिवसभरात काय काय खाता? मी सांगितलं: सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण, ताक, रात्री हलकं. ती लिहून घेत होती, खुश झाली होती. बाहेर येऊन बसस्टॉपवर उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की मी तिला आईचं ताट सांगितलं. माझं ताट असं: सकाळी ट्रेनमध्ये कॉफी, दुपारी मील डील (चीज-अनियन सँडविच, क्रिस्प्स, एक बाटली), तीन वाजता कुणाच्या तरी वाढदिवसाची बिस्किटं, रात्री मुलीसाठी केलेला पास्ता उभ्या उभ्या, शुक्रवारी टेकअवे. ह्यातल्या बऱ्याच पाकिटांवर लाल चौकोन असतो. अठरा वर्षांत तो मला वॉलपेपरसारखा दिसायला लागलाय. मी नर्सशी खोटं बोलले नव्हते, खरंच मला विचारलं की मी तेच खाते असं वाटतं. मी भाकरी खाणाऱ्या घरची आहे. शेवटची भाकरी कधी थापली होती ते मात्र आठवेना.

म्हणजे त्या १३ कोटी ६० लाखांत मी नाही. मी इथल्या आकड्यात आहे. दादाला तर २०१६ पासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. त्यामुळे तिकडचं खाणं निर्मळ आणि इकडचं विषारी, असंही मला म्हणता येत नाही. कधीकधी म्हणायची फार इच्छा होते.

नागपूरहून परत आल्यावर एका रविवारी मी गोळाभात केला. हरभऱ्याच्या डाळीच्या जाडसर पिठाचे गोळे भातात वाफवायचे, ताटात कुस्करायचे आणि वरून मोहरी-हिंग-लाल मिरचीची गरम फोडणी. आई पळीने ओतायची आणि परत ओतायची, "कोरडा लागतो गं." मी फोडणीची लोखंडी वाटी इलेक्ट्रिक काट्यावर ठेवली, शून्य केलं आणि आईच्या हाताची एक पळी आठवून तेल ओतलं. चौतीस. माझा दिवसभराचा वाटा सत्तावीसचा. सात ग्रॅम परत बाटलीत ओतले, चार थेंब ओट्यावर सांडले. फोडणी केली, मोहरी तडतडली, घरभर वास सुटला, मुलीने स्मोक अलार्म वाजायच्या आधी खिडकी उघडली. जेवायला बसले. कोरडा लागला. उठून सात ग्रॅम परत तापवून घेतले, ह्या वेळी न मोजता.

ग्रुपवर वाद अजून चालू आहे, मी आता फोटो टाकत नाही. गेल्या रविवारी दादाने मला वेगळा मेसेज पाठवला. टपरीवरची प्लेट, पोह्यांवर लाल तर्री, हरभरे, वर कांदा. खाली लिहिलं होतं, 'तर्री कमी घेतली.' मी फोटो मोठा करून पाहिला. तर्री कमी नव्हती, प्लेटच्या कडेला तेलाची वर्तुळं चकाकत होती. सत्तावीसचा आकडा टाइप केला, खोडला. मग विचारलं, चणे नीट शिजले होते का.