फॉरवर्डला बॅकच्या बाजूने उत्तर

मुलाला फुटबॉलच्या नादी लावू नका, असं बजावणारा एक लांबलचक फॉरवर्ड मजकूर सध्या उत्तर गोव्यात, बार्देश, डिचोली, पेडण्यातल्या पालकांच्या मोबाईलवर फिरतो आहे. खाली कुणाचं नाव नाही, नुसते जोडलेले हात. म्हणणं थोडक्यात असं: आयएसएलपर्यंत, म्हणजे इंडियन सुपर लीगपर्यंत पोचला तो फुटबॉलपटू, बाकीचे उडाणटप्पू. त्यातही बॅकला (बचावफळीत) खेळणारा म्हणजे पुढे जमलं नाही म्हणून मागे ढकललेला. खालच्या लीगमध्ये पगार नाही, बघायला माणूस नाही, तिशीत गुडघा जातो आणि मग घरी बसायचं. शेवटी ठसका: हा खेळ दक्षिणेतल्या सासष्टीवाल्यांचा, आपल्या मुलांचा नव्हे.

यातलं पगाराचं अर्धं खरं आहे, त्याकडे सावकाश येतो. आधी त्या ठसक्याचंच बघू, कारण तो निकालात काढायला वेळ लागत नाही.

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली, विल्यम लायन्स नावाच्या पाद्र्याबरोबर. आला कुठे, तर शिवोलीत. शिवोली सासष्टीत नाही, बार्देशात आहे. म्हणजे मजकूर ज्यांच्या मोबाईलवर फिरतोय त्यांच्यातल्या निम्म्यांच्या शेजारी. आणि ‘आपली मुलं’ म्हणजे हिंदूंची, हे उघड लिहिलं नसलं तरी सगळ्यांना कळतं. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे गोलरक्षक आणि कर्णधार होते, १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ ची पद्मश्री त्यांच्या नावावर आहे. महेश गवळी आणि समीर नाईक हे दोघे भारताकडून खेळले, आणि दोघेही बॅक. म्हापशाचा मंदार राव देसाई २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीबरोबर आयएसएल जिंकला. शापोऱ्याच्या क्लबचं नावच मुळी युवक संघ. यापेक्षा जास्त काही या मुद्द्यावर लिहायची गरज वाटत नाही.

आता बॅकबद्दल. इथे मात्र मला जरा थांबायचंय, कारण मजकूर लिहिणाऱ्यानं सामना बघितला असेल तर तो फक्त चेंडूकडे बघत बघितला असणार.

पुढे जमलं नाही म्हणून मागे, हे कधीकधी घडतं, नाही असं नाही. पण मंदारचंच उदाहरण घ्या. तो डेंपो या गोव्यातल्या जुन्या क्लबात आणि पुढे आयएसएलमधल्या एफसी गोवात डाव्या बाजूनं आक्रमण करायचा. सर्जियो लोबेरा प्रशिक्षक असताना त्याला डावा बॅक केला. ही शिक्षा नव्हती. ज्याला कडेनं वर जाता येतं आणि परतही येता येतं असा माणूस त्या जागेवर हवा होता, कारण तो संघ मागूनच चाल रचायचा. पुढे मुंबईनं त्याला घेतलं ते याच जागेसाठी आणि त्या हंगामात साखळीत पहिलं येणाऱ्याची लीग शील्ड व चषक दोन्ही जिंकले.

खालच्या लीगमधला स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, काय करतो ते बघायचं असेल तर पावसाळा सरता सरता म्हापशातल्या धुळेरच्या मैदानावर जा आणि चेंडू सोडून त्याच्यावर नजर ठेवा. तिथलं टर्फ कृत्रिम. ओलं झालं की लांबून मारलेला चेंडू टप्पा पडल्यावर वेग धरतो, सुळकन घसरतो. तोच संघ पुढच्या आठवड्यात गवताच्या मैदानावर गेला की उलटा प्रकार: पाणी साचलेल्या जागी चेंडू पडतो आणि तिथल्या तिथे मरतो. टप्प्याची वाट बघत उभा राहिलेला बॅक तिथे फसतो, स्ट्रायकर त्याच्या पुढून चेंडू उचलून जातो. म्हणून चांगला स्टॉपर समोरच्या गोलरक्षकानं पाय मागे घेतला रे घेतला की दोन-तीन पावलं मागे सरकलेला असतो, मान एकदा चेंडूकडे, एकदा आपल्या वाट्याला आलेल्या समोरच्या स्ट्रायकरच्या कमरेकडे. कमरेकडे, कारण पाय फसवतात, कमर सहसा फसवत नाही. आणि हे सगळं चालू असताना तोंडानं ओरडणं चालूच: ‘वर! वर!’ चौघांनी एका रेषेत वर सरकायचं असतं. ऑफसाईड, म्हणजे चेंडू दिला जाताना आक्रमक आधीच बचावाच्या पलीकडे असणं, ठरते ती बचाव करणाऱ्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूवरून. गोलरक्षक शेवटचा धरला तर सगळ्यात मागे राहिलेल्या बॅकवरून. एक जण आळसानं दोन हात मागे राहिला, की समोरचे सगळे ऑनसाईड. तिघांनी अचूक केलेलं काम चौथ्याच्या एका श्वासात मातीत. गोल खाल्ला की प्रेक्षक गोलरक्षकाला शिव्या घालतात आणि स्टॉपर लेफ्ट बॅककडे बघतो. त्या बघण्याचा अर्थ स्टँडमधल्या फार थोड्यांना कळतो.

स्ट्रायकरनं पाच संधी घालवून सहावी घातली तर दुसऱ्या दिवशी फोटो. बॅकनं नव्वद मिनिटं रेषा राखली तर बातमीत त्याचं नावही येत नाही, आणि एकदा घसरला तर पहिल्याच परिच्छेदात येतं. या कामाला अक्कल लागत नाही असं म्हणणारे उंटावरून शेळ्या हाकताहेत.

बरं, ‘तिथे कुणी बघत नाही.’ प्रेक्षक कमी असतात हे कबूल. राय किंवा नागवाच्या मैदानावर आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी सामना असला, तर गावातले निवृत्त, राखीव खेळाडूंचे भाऊ आणि चणेवाला. पण करिअर प्रेक्षकांवर ठरत नाही, बघायला आलेल्या एखाद्या प्रशिक्षकावर ठरतं. सॅन्सन परेरा हा डावा बॅक साळगावकरकडून गोव्याच्या प्रोफेशनल लीगमध्ये खेळत होता, तिथून २०२० मध्ये एफसी गोवात गेला. संदेश झिंगनची वाट तर आणखी खालून. भारताचा इतकी वर्षं आधार असलेला हा स्टॉपर मूळचा चंदीगडचा, सुरुवात झाली युनायटेड सिक्कीमकडून, आय-लीग या राष्ट्रीय लीगच्या दुसऱ्या विभागात. मधल्या काळात तो आपल्याकडे स्पोर्टिंग क्लबकडूनही खेळला. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार, आणि २०२३ पासून एफसी गोवात. सगळेच झिंगन होत नाहीत, हे सांगायला फॉरवर्डची गरज नाही. मुद्दा एवढाच की खालची लीग ही बंद खोली नाही. गोव्यात तिसऱ्या विभागापासून प्रोफेशनल लीगपर्यंत पायऱ्या आहेत, तिथून पुढे देशपातळीवरच्या खालच्या श्रेणी. डेंपोनं याच पायऱ्या क्लब म्हणून पुन्हा चढल्या: २०२३-२४ ला आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत दुसरे आले आणि पुढच्या हंगामात आय-लीगमध्ये परतले.

आणि आयएसएलमध्ये पोचलं की गंगेत घोडं न्हालं, हे कुणी सांगितलं? २०२५ च्या जुलैत आयएसएलचा पुढचा हंगामच अधांतरी राहिला, कारण अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला हक्कांचा करार डिसेंबरात संपणार होता आणि नवा झाला नव्हता. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं मुख्य संघाच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं. देशातला श्रीमंत क्लब, मोठे खेळाडू, आणि पुढचा सामना कधी ते कुणालाच ठाऊक नाही. असुरक्षितता फक्त तळातल्यांच्या वाट्याला येते हा समज त्या महिन्यांत तरी मोडायला हवा होता.

तिशीत गुडघा जातो, हा मुद्दा. गुडघ्याचा एसीएल (सांधा धरून ठेवणारा पुढचा क्रुशिएट लिगामेंट) तुटला तर शस्त्रक्रिया आणि मैदानावर परतायला बहुधा नऊ महिने, कधी वर्षही. खालच्या लीगमध्ये त्या काळात पगार चालू राहीलच याची खात्री नाही. ही भीती खरी आहे आणि विमा, वैद्यकीय खर्च हे करारात आहे की नाही ते बघायलाच हवं. पण त्यापुढचं ‘मग घरी बसायचं’ हे कुठून आलं? वेगावर पोट भरणारा, कडेनं पळणारा विंगर तिशीत अडचणीत येतो. स्टॉपरचं पोट अंदाजावर असतं, आणि अंदाज वयाबरोबर सुधारतो. मैदान सोडल्यावरचंही बघा. डेरिक परेरा साळगावकरचे आणि भारताचे बॅक. नंतर महिंद्र युनायटेड, पुणे एफसी, साळगावकर, चर्चिल, एफसी गोवा अशी प्रशिक्षकपदं. समीर नाईक डेंपोचे बॅक. वर सांगितलेली डेंपोची चढाई त्यांच्याच प्रशिक्षणाखाली झाली. महेश गवळी २००३ मध्ये आसियान चषक जिंकलेल्या ईस्ट बंगालमध्ये होते, पुढे भारतीय संघाचे सहप्रशिक्षक झाले. तिघेही बॅकच निघावेत हा मला योगायोग वाटत नाही. सगळं मैदान ज्याच्या तोंडासमोर असतं आणि ज्याला नव्वद मिनिटं इतरांना जागेवर लावावं लागतं, त्याचं निम्मं प्रशिक्षण खेळतानाच होऊन जातं. हे अर्थात वरच्या पातळीवर खेळलेले. पण महासंघाचे डी, सी, बी, ए असे परवाने गावच्या क्लबातल्या बॅकलाही घेता येतात, आणि शाळा व अकादमींना परवानाधारक माणूस लागतो.

आता पगार.

फॉरवर्डमध्ये म्हटलंय पगार मिळत नाही. वस्तुस्थिती जास्त गुंतागुंतीची आहे आणि काही बाबतींत जास्त वाईटही. एके काळी गोव्याच्या मोठ्या क्लबांमागे खाण व्यवसायातली घराणी होती: डेंपो, साळगावकर. क्लब नफ्यासाठी चालत नव्हता, पण महिन्याचा पगार होत होता. मग डेंपोंनी २००९ मध्ये खाण व्यवसाय विकला. २०१२ मध्ये राज्यातल्या खाणीच बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. मधे २०१६ मध्ये, आयएसएलला देशाची पहिली लीग करायचं महासंघाचं धोरण पुढे आल्यावर, साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेंपो या तिघांनी आय-लीग सोडली. म्हणजे देशपातळीवर खेळणारे तीन संघ एका उन्हाळ्यात गेले. प्रत्येक संघात सहा-सात बॅक तरी असतात, मोजा. ज्या मुलानं चौदाव्या वर्षी डेंपोचा बॅक व्हायचं ठरवलं होतं त्याची पायरी त्याच्या खेळामुळे नव्हे, वरच्या निर्णयामुळे निखळली. मजकूर लिहिणारा खेळाडूला उडाणटप्पू म्हणतो, आणि या गोष्टींबद्दल चकार शब्द नाही.

आज प्रोफेशनल लीगमधल्या बॅकचं आर्थिक गणित बहुतेक वेळा जोडाजोडीचं असतं. करार हंगामापुरता. कुणाला महिन्याची रक्कम, कुणाला सामन्यामागे, कुणाला नुसता येण्याजाण्याचा खर्च आणि बूट. बरोबरीनं नोकरी किंवा धंदा: सकाळी सराव, मग ड्युटी. हंगाम संपला की गावोगावच्या बक्षिसाच्या स्पर्धा, जिथे पैसे रोख मिळतात आणि घोट्याची हमी कुणी देत नाही. यावर घर चालत नाही, घराला हातभार लागतो. मुलाला एवढं स्पष्ट सांगून खेळू द्यायला काय हरकत आहे? बारावीनंतर शिक्षण सोडून पूर्णवेळ फुटबॉल, असा हट्ट धरला तर मीही नाहीच म्हणेन.

मात्र पगार बुडतो तो खेळ खालचा आहे म्हणून नाही, कागद कच्चा असतो म्हणून. लीगच्या नावात प्रोफेशनल आहे म्हणून तिथला प्रत्येक खेळाडू प्रोफेशनल ठरत नाही. फिफाच्या नियमांप्रमाणे क्लबशी लेखी करार हवा आणि खेळण्याच्या खर्चापेक्षा जास्त मोबदला हवा. नाहीतर तो हौशी. तोंडी ठरलेल्या रकमेवर खेळणारा बॅक नंतर कुणाकडे दाद मागणार? लेखी करार असेल तर चित्र बदलतं. त्याच नियमांनुसार दोन महिन्यांचे पगार थकले की खेळाडूनं क्लबला लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवसांची मुदत द्यायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडायला ते सबळ कारण धरलं जातं. तक्रार महासंघाच्या प्लेअर्स स्टेटस कमिटीकडे नेता येते. अठरा वर्षांखालच्या मुलाला तीन वर्षांहून लांब करारात बांधता येत नाही, हेही पालकांना कुणी सांगत नाही, कारण ते सांगणारं फॉरवर्ड कुणी लिहीत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी सतरा-अठरा वर्षांचा स्टॉपर आहे आणि एखाद्या क्लबचं बोलावणं आलंय, त्यांनी सही करायच्या दिवशी बरोबर जावं. करार इंग्रजीत असतो. न समजलेली ओळ समजेपर्यंत पेन खिशात ठेवावं. रक्कम महिन्याची की हंगामाची, दुखापतीत ती चालू राहते का, शस्त्रक्रियेचा खर्च कुणाचा, हे वाचावं. सही-शिक्क्याची आपली प्रत त्याच दिवशी घ्यावी, उद्या देतो म्हणाले तर सहीही उद्याच करावी. आणि पगार रोखीत नको, बँकेत.